केदारखेड्याचं सरकारी न्हाणं

माणूस जन्माला येतो तो उघडा आणि चिकट. अशा अवस्थेत त्याला रयत म्हणून दाखल करून घेणं कुठल्याही सरकारला शोभत नाही. ही गोष्ट पूर्वीच्या राज्यकर्त्यांच्या ध्यानात कशी आली नाही कोण जाणे. पण निजामी राजवटीत, फसली सन १३४७ मध्ये (इंग्रजी १९३७-३८), ती एका कचेरीच्या ध्यानात आली, आणि तान्ह्या बाळाच्या पहिल्या न्हाण्याबाबत बावीस कलमांचा हुकूम निघाला. हुकूम उर्दूत होता. सुइणींनी तो काळजीपूर्वक वाचावा, असं शेवटच्या कलमात म्हटलं होतं. (भोकरदन तालुक्यातल्या एकाही सुइणीनं त्यावर हरकत घेतली नाही.)

अंमलबजावणीसाठी, म्हणजे सुइणींना न्हाणं शिकवण्यासाठी, मस्तगडच्या कमरोद्दीनची नेमणूक झाली. वय पंचवीस, मिडल पास, अक्षर मोत्यासारखं. जालन्यात त्याला चार दिवस शिकवण्यात आलं. त्या मुदतीत त्यानं एका सागवानी बाहुलीला अकरा वेळा आंघोळ घातली. बाहुली एकदाही रडली नाही, घसरली नाही, निळी पडली नाही. कचेरीतले साहेब खूश झाले. घरी त्याची बायको मैमूना आठव्या महिन्यात होती. आपल्याला आता सगळं येतं, असा धीर तो तिला रोज द्यायचा. ती मान हलवायची आणि दुसरीकडे बघायची.

पहिला प्रयोग केदारखेड्याला ठरला. कुणीतरी बाळंत होईल म्हणून कमरोद्दीन तीन दिवस चावडीत मुक्काम ठोकून होता. चौथ्या दिवशी सकाळी पुंजारामची सून सगुणाबाई हिनं मुलीला जन्म देऊन सरकारची गैरसोय दूर केली.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस नको, म्हणून न्हाणं ओसरीवर ठरलं. परक्या माणसानं बाळाला शिवायचं म्हणजे विटाळाचं काय, असा प्रश्न पुंजारामच्या बायकोनं, द्वारकाबाईनं काढला. सरकारला विटाळ होत नसतो, असा निर्वाळा पोलीस पाटलांनी दिला आणि ते स्वतः चार हात लांब जाऊन उभे राहिले.

सुईण साळूबाई बाळाला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बसली होती. गावातल्या चाळिशीच्या आतल्या सगळ्यांना, पोलीस पाटील धरून, पहिली आंघोळ तिनंच घातलेली. (हुकमात अशा व्यक्तीला 'अशिक्षित व धोकादायक' म्हटलं आहे.)

कमरोद्दीननं टेबल मांडलं. त्यावर घड्याळ, साबण, वही आणि पारा भरलेली काचेची नळी.

"पाणी किती गरम पाहिजे, बाई?" त्यानं परीक्षा घेतली.

साळूबाईनं घंगाळात कोपर बुडवलं. "एवढं."

"एवढं म्हंजे किती?"

"कोपराला बरं वाटंल एवढं."

कोपर हे माप हुकमात नव्हतं. कमरोद्दीननं नळी पाण्यात धरली, पारा वाचला, आकडा वहीत लिहिला, खाली दोन साक्षीदारांचे अंगठे घेतले. तोवर पाणी निवलं. पुन्हा तापवलं, पुन्हा अंगठे. तिसऱ्या खेपेला पाणी, पारा आणि साक्षीदार एकाच वेळी हजर झाले, तेव्हा इतका वेळ खणखणीत रडणारं बाळ गप्प झालं. शिस्त लागल्याची ही खूण तो वहीत टिपणार, एवढ्यात साळूबाई म्हणाली,

"साहेब, लेकरू गारठून राह्यलंय. ओठ बघा त्याचे. जल्दी करा."

कलम नऊ : बाळास डाव्या तळहातावर घ्यावे. कमरोद्दीननं घेतलं. सागवान आणि माणूस यांत फरक असा, की माणूस मऊ असतो आणि त्याची मान कुठेच थांबत नाही. बावीस कलमांत मानेचा उल्लेख नव्हता. तरी हुकमाप्रमाणे त्यानं साबण लावला, आणि बाळ सुळकन निसटलं.

ओसरीच्या दगडापासून वीतभर वर साळूबाईनं ते झेललं. कुणी ओरडलं नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. आतून सगुणाबाईनं विचारलं, "काय झालं वो?"

"काई न्हाई. साहेब शिकून राह्यले."

असं सांगून साळूबाई पाटावर बसली, पाय लांब केले, बाळाला पालथं पायांवर घेतलं. पाठीवर तेल जिरवलं, डाळीचं पीठ फिरवलं, तांब्यानं ऊन पाण्याची धार धरली. पाठ चोळता चोळता बाळ लाल झालं, त्यानं तोंड उघडलं, आणि चावडीपर्यंत ऐकू जाईल असा टाहो फोडला. कमरोद्दीन भिंतीला टेकून खालीच बसला. त्याच्या डोळ्यांपुढे मैमूना होती.

"मावशी," तो म्हणाला, "मान कशी धरली तुम्ही? परत दाखवा."

साळूबाईनं त्याचा हात ओढून बाळाच्या मानेखाली ठेवला. "अशी. आवळायची न्हाई, सोडायची न्हाई. घरी कितवा महिना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दुसऱ्याच्या लेकरासाठी बाप्या माणूस मान धरायला शिकत नसतो, बाबा."

कमरोद्दीननं अहवालात खरं तेच लिहिलं : शिकवणारी साळूबाई, शिकणारा कमरोद्दीन. 'नावांची अदलाबदल झालेली दिसते' असा शेरा मारून साहेबांनी कागद परत पाठवला. घरात खाणारी तोंडं वाढणार होती. कमरोद्दीननं दुरुस्ती केली. अंतिम अहवाल असा : न्हाणं एक, बाळ जिवंत, सुधारलेल्या सुइणी एक, यश शंभर टक्के.

मैमूनाचे दिवस भरले तेव्हा तो स्वतः बैलगाडी घेऊन केदारखेड्याला गेला. साळूबाई मस्तगडला आली, मुलगा झाला, तिनं पाणी घातलं आणि कमरोद्दीननं मान धरली. पुढच्या साली साहेबांना बढती मिळाली आणि हुकमाच्या नव्या आवृत्तीवर त्यांचा फोटो छापून आला. साळूबाईला काही देण्याचं कलमच नव्हतं.

या कारभाराला तुम्ही हसलात, हे योग्यच झालं. कचेऱ्यांना उपकाराची जाण नसते. आता जरा आपला जन्माचा दाखला काढा. त्यावर कुण्या साहेबाची सही असेल, ती नीट वाचता येते. ती वाचून झाली, की जिच्या अंगावर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मुतलात, त्या बाईचं नाव सांगा.

(सवडीनं सांगा. आम्ही थांबतो.)