बसाय स्टूल, पळाय घोडं

आमच्या गल्लीतील सर्वांत वेगवान मोटार ज्यांच्या मालकीची होती, त्या मल्लाप्पांना दर रविवारी सकाळी दूधवाला सायकलवरून मागे टाकीत असे. सायकलीला दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या, रस्ता चढाचा, तरीही तो घंटी वाजवीत पुढे जाई आणि मान वळवून विचारी, "अप्पा, ढकलू काय?"

अप्पा आशीर्वाद दिल्यासारखा हात उचलीत. "जा की बाबा म्होरं. तुझं दूध नासंल."

मी आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकवले. यंत्रांशी माझा संबंध घड्याळाला किल्ली देण्यापुरता. तरीही नव्वदच्या दशकात अप्पा आमच्या शेजारी राहावयास आले आणि त्यांच्या गाडीवरचे आच्छादन प्रथम दूर झाले, तेव्हा गाभाऱ्याचा पडदा सरावा तसे मला वाटले व हात आपोआप जोडले गेले. गर्द हिरवी, दोनच आसनांची, टप नसलेली ती गाडी भूमीला इतकी बिलगून होती, की उभी असतानाही झेप घेण्याच्या पवित्र्यात भासे. एका जहागीरदाराच्या तबेल्यात तिच्यात कोंबड्या अंडी घालीत. तेथून अप्पांनी ती सोडवून आणली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा ओतकामाचा कारखाना होता. जो भाग मिळेना, तो त्यांनी स्वतः ओतला. इंजिन सुरू झाले की माझ्या देवघरातील पळी-पंचपात्र किणकिणू लागे. असे तेज, आणि चाल मात्र वरातीची!

अप्पा मूळचे शिरोळकडचे. कपाळी विभूतीचे ठसठशीत पट्टे, आवाज शेतात हाक मारावी असा. घरात कानडीत बोलत, गड्यांशी मराठीत आणि इंजिनाशी दोन्ही भाषांत. गाडीचा रंग कसा आहे, असे कुणी विचारले तर "जगात भारी" म्हणत. वेग विचारला की मात्र बोनेट उघडून आत डोके घालीत.

त्यांच्या पत्नी गौराक्का याच्या अगदी उलट, शांत. शिवपूजा आटोपली की व्हरांड्यात एका लाकडी स्टुलावर बसत आणि जोतिबाच्या डोंगराच्या दिशेने पाहत राहत; मनात जप चालला असावा, असे मी समजे. त्यांचे गुडघे गेले होते. त्या स्टुलाहून बुटक्या कशावर बसल्या तर उठणे अशक्य, आणि उंचावर चढणेही अशक्य. हिरव्या गाडीत बसणे म्हणजे जमिनीवर मांडी घालण्यासारखेच. कारखान्याच्या जीपची पायरी छातीएवढी. रिक्षाचे नाव काढले की म्हणत, "रिक्षानं दवाखान्याला जात्यात. फिराय न्हाय." कुणी उचलून बसवतो म्हटले, तर, "मी काय साखरंचं पोतं हाय?" परिणामी कित्येक वर्षे त्यांनी घराचे फाटक ओलांडले ते केवळ डॉक्टरांसाठी.

पुढे, नव्या शतकाच्या आरंभी, अप्पांनी रोजच्या वापरासाठी दुसरी मोटार घेण्याचे ठरवले. मला मुहूर्त विचारला, आणि मुहूर्त सांगणाऱ्याने गाडी पाहिलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह पडला. शोरूमच्या दारात अप्पा उतरले ते गौराक्कांचे स्टूल बगलेत घेऊन.

"पावणं," विक्रेता गोंधळून म्हणाला, "खुर्च्या हायत की आमच्याकडं!"

"तुझ्या खुर्चीला चाकं हायत काय? न्हाईत न्हवं? मग गाडी दाखव."

त्याने एक लांबलचक, गुळगुळीत मोटार दाखवली. "साहेब, तुमच्या वयाला हीच शोभंल."

"माझ्या वयाला तिरडी बी शोभंल. ती बी ठेवलीया काय?"

अप्पांनी दाराशी स्टूल मांडले, त्यावर बसले, आणि तळहाताने आसनाची उंची पडताळली. मग कशालाही न धरता स्टुलावरून आसनावर सरकले व पुन्हा स्टुलावर आले. उंची जुळली, पण इंजिनाविषयी दोन प्रश्न विचारताच त्यांनी स्टूल उचलले. "म्हातारी म्हस हाय ही. बसाय स्टूल पायजे, पळाय घोडं."

हे वाक्य त्या महिन्यात मी गावातील बहुतेक सर्व शोरूममध्ये ऐकले. बसायला सोय असलेल्या गाड्यांना पळण्याची हौस नव्हती आणि पळणाऱ्या सगळ्या बुटक्या होत्या. प्रत्येक वेळी अप्पा स्टूल बगलेत घेऊन परत येत. व्हरांड्यातल्या खांबाला धरून गौराक्का उभ्याच असत. अप्पा स्टूल खाली ठेवीत. त्या त्यावर बसत आणि पुन्हा डोंगराकडे पाहू लागत.

गौराक्कांना सोयीचे आसन हवे, हे मला उमगत होते. घोडे कशाला हवे, ते उमगेना. पोरकटपणा वयाबरोबर जात नाही, असे मनाशी म्हणून मी स्वस्थ राहिलो.

शेवटी एका कोपऱ्यात एक लाल, आखूड मोटार दिसली. "ती कॉलेजच्या पोरांची हाय," विक्रेता म्हणाला. "एवढ्याशा गाडीत मोठं इंजिन घातलंय. पेट्रोल लई पिती."

"पिऊ दे. घोडं उपाशी पळतंय व्हय?"

स्टूल मांडले गेले. अप्पा सरकले, परत आले, पुन्हा सरकले आणि डोळे मिटून क्षणभर तसेच बसले. नंतर चालवून पाहिली, ती बैलाच्या गतीने. मागे बसलेला विक्रेता कळवळून म्हणाला, "पावणं, दुसरा गिअर तरी टाका!"

नारळ मी फोडला. चाकांखाली लिंबे ठेवली. गौराक्का इरकली नेसून आल्या, गाडीशेजारच्या स्टुलावर बसल्या, आणि अप्पांनी पुढे केलेला हात बाजूला सारून म्हणाल्या, "मी बसतो माझी मी." बसल्या! मी मागच्या आसनावर. जोतिबाला निघालो. पंचगंगेच्या पुलापर्यंत नेहमीची वरात चालली. मग समोरून नजर न हलवता गौराक्का हळूच म्हणाल्या, "अवो, पूल सरला."

त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन माझ्या शब्दसामर्थ्याबाहेरचे आहे. उसाचे फड हिरव्या रेघा होऊन मागे गेले. पुराणांतील रथ वायुवेगाने जात, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगितले. त्या शब्दाचा अर्थ मला त्या सकाळी केर्लीच्या रस्त्यावर कळला. मी नामस्मरण सुरू केले. आणि जपात बुडालेली म्हणून मी जिला ओळखत होतो, ती माउली खिडकीबाहेर हात काढून ओरडत होती, "त्या टेंपोच्या मागं काय नांदाय बसलाय? काढा की म्होरं!" पदर उडाला होता. त्या हसत होत्या, लहान मुलीसारख्या, अंग घुसळून.

डोंगरावर दर्शन घेऊन, कपाळी गुलाल लावून मी परतलो. गौराक्का गाडीत बसूनच शिखराला हात जोडत होत्या. अप्पा दूर कठड्यापाशी घाम पुसत उभे होते.

"गुरुजी, लगीन झाल्यावर हिला मोटारसायकलवर घेतली, तर म्हणाली, एवढंच पळती व्हय? तवापासनं पळवतोय. हिरवी बी तिच्यासाठीच उभी केली. नेमकं गाडी तयार झाली आन् गुडघं गेलं." त्यांनी मानेवरचा घाम टिपला. "खरं सांगू? मला येगाचं लई भ्या हाय. पयल्यापासनं. ती शेजारी असली की वाटत न्हाय."

बोटाला राहिलेला गुलाल मी त्यांच्या विभूतीखाली लावला.

पुढच्या रविवारी, इंजिन बसून राहू नये म्हणून, हिरवी गाडी पुन्हा बाहेर निघाली. डावे आसन रिकामे, चाल तीच. दूधवाल्याने घंटी वाजवून गाठले. "अप्पा, लाल गाडी लई जोरात सोडली म्हणं परवा! मग हिला काय झालं? दाबा की!"

अप्पांनी शेजारच्या रिकाम्या आसनाकडे बोट केले.

"मालकीण कुठं हाय गाडीत?"