अकरा पेट्यांची हळद

"बेंजो पार्टी म्हंजे नुसता खडखडाट! यंदा भिसेगावच्या हळदीला मी विलायती वाजवनार!" दहिवलीच्या बेंजोवाल्या लडकूने छाती फुगवून सांगून टाकलं. साजगावला कारखान्यातल्या एका साहेबाकडे त्याने विलायती तबकडी ऐकली होती. चार पोरं गिटार बडवत होती आणि त्यांच्यामागे चाळीस व्हायोलिनं लांबच लांब सूर ओढत होती! तेव्हापासून गडी वेडावला होता. शिवाय ही हळद गाजली, की भिसेगावची उन्हाळ्यातली सगळी लग्नं त्याच्याच पार्टीला मिळणार होती.

"चाळीस व्हायोलिनं कर्जतात कुठनं आननार रं?" ढोलकीवाल्या जैतूने विचारलं.

"पेट्या आनू! भजनाच्या! सूर ओढायचा नि सोडायचाच नाय!"

पाच गावच्या भजनी मंडळांच्या हातापाया पडून त्याने अकरा पेट्या मिळवल्या. पण आपली पेटी परक्याच्या हाती कोण देतो? प्रत्येक पेटीबरोबर तिचे बुवाही आले, पांढरी टोपी घालून, गंभीर चेहऱ्याने.

तिन्हीसांजेला अकरा बुवा नवरीच्या मांडवात रांगेने बसले. लडकूने मान हलवली आणि सूर निघाला. अहाहा! लडकूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शेजारच्या सोनुबाईच्याही आलं. एवढी भजनी मंडळं एका दारात कधी बसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यात नवरीचा आजा दोन महिने खाटेला खिळलेला! "ऐन हळदीत गेलं गं बुधाजीमामा!" म्हणून तिने जो गळा काढला, त्याने अर्धी आळी रडत धावली.

लडकूला वाटलं, सूर काळजाला भिडला. "आजून ओढा!" तो ओरडला.

तेवढ्यात साजगावहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन टेंपो आला. नवऱ्याच्या मामाने, सदूने, बाहेर डोकावून पाहिलं. "आरं, सुतक हाय हितं! फिरव गाडी!" टेंपो आल्या पावली परत! नवरीचा बाप हिरामण धोतर सावरत मागे धावला. रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून टेंपो सापडला, नाहीतर लग्नच बोंबललं होतं.

इकडे गलका ऐकून बुधाजी काठी टेकत बाहेर आला. "मी हाय गं हितंच! पानी पी," त्याने सोनुबाईला सांगितलं.

हळद शेवटी लागली, नुसत्या ढोलकीवर. हिरामण गरजला, "लडक्या, भिसेगावात पुन्ना पाय ठेवलास तर बघ!"

लडकू मान खाली घालून बेंजो गुंडाळत होता. बुधाजी हळूच जवळ आला.

"लय ग्वाड वाजवलंस रं. माज्या दहाव्याला ह्येच वाजव."

चला, एक तरी सुपारी मिळाली! लडकूने सवयीने विचारलं, "कितवी तारीख धरू, आजा?"

दोन महिने खाटेवरचा म्हातारा, पण काठी काय झटक्यात उचलली म्हणता!