इनासकाकांची रेघ

इनासकाका रोज समुद्रावर रेघ मारायला जात. खरोखरची रेघ. ओहोटी लागली की लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडायचा, बांबूची काठी घ्यायची आणि ओहोळ समुद्राला मिळतो तिथल्या ओल्या वाळूत एक लांबलचक रेघ ओढायची. मग चार पावलं मागे सरून, डोळे बारीक करून ती बघायची आणि घरी यायचं. भरती आली की रेघ जायची. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी घेऊन हजर.

एकोणीसशे तीसच्या सुमाराला मी अलिबागच्या खाली, किनाऱ्यावरच्या थोरल्या वाडीत शाळामास्तर होतो. काका माझे शेजारी. रेघेच्या अलीकडे आमची थोरली वाडी, पलीकडे धाकटी. दोन्हींकडे ख्रिस्ती वस्ती, दोन्हींकडे स्वतःचं चर्च. पाद्री मात्र दोघांत एक. एक रविवार इकडे, एक तिकडे. आमच्या चर्चची घंटा काका वाजवत, आणि पलीकडे ऐकू जावी म्हणून जरा जास्तच वाजवत.

"हद्द म्हंजे हद्द, मास्तर!" हे त्यांचं पालुपद. पलीकडच्या माडाचा नारळ वाहत आला तर ते तो काठीने परत ढकलत. एकदा तिकडचं डुक्कर इकडे आलं, तर काकांनी त्याला पाहुण्यासारखं रेघेपर्यंत पोचवलं. स्वतः मात्र पलीकडे पाय टाकला नाही.

पण वर्षातून एकदा दोन्ही वाड्यांना एकमेकींवाचून गत्यंतर नसे. उपवासाच्या दिवसांत एका रविवारी 'भेट' असायची. खुरीस, म्हणजे क्रूस, खांद्यावर घेतलेल्या येशूची मूर्ती धाकट्या वाडीकडे, त्याच्या दुःखी माउलीची आमच्याकडे. एकट्याने भेट होणार कशी? दोन्हीकडून मिरवणुका निघत आणि मायलेकांची गाठ बरोबर रेघेवर पडे. गाणं दोघांचं एकच, चाली मात्र दोन, आणि आपली चाल सोडायला कुणी तयार नाही. दोन्ही एकदम सुरू झाल्या की लांबून ऐकणाऱ्याला वाटे, कुठेतरी भांडण लागलंय.

खरी गंमत त्याआधी. जो रेघेवर पहिला पोचेल तो वाट पाहत उभा राहणार, म्हणजे त्याचा कमीपणा! म्हणून दोन्ही मिरवणुका आपापल्या सुरूच्या झाडीत दडून, समोरचे कधी बाहेर पडतात ते बघत राहत. पाद्री बिचारे मधल्या वाळूत एकटेच घाम पुसत उभे. काका आमच्या माउलीच्या पालखीचे पुढचे खांदेकरी. ते म्हणत, "आय कदी पोराकडं जाते का? पोरानं यावं आयकडं."

हे ते नुसतं मूर्तीबद्दल बोलत नव्हते, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना बायको नव्हती. एकुलती एक लेक, फिलू. तिने धाकट्या वाडीतला मुलगा पसंत केला. लग्न आमच्याच चर्चमध्ये लागलं, काकांनी घंटाही वाजवली. पण वऱ्हाड परत निघालं तेव्हा ते रेघेपाशी थांबले, ते कायमचेच. फिलूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण आणायला बापाने जायचं, हीही रीतच. काकांनी घर सारवलं, बाज बांधली, आणि वाट बघत बसले. तिकडे तीही बापाची वाट बघत बसली. दोघं एकाच मातीची!

त्या वर्षी भेटीच्या सकाळी पलीकडून एक म्हातारी ओहोळ ओलांडून आली. "इनास, पोरगा झाला तुज्या लेकीला. पन ताप उतरत न्हाय तिचा. सारकी 'बाबा, बाबा' करते."

मी म्हणालो, "काका, जा तुम्ही."

"हद्द म्हंजे हद्द," ते म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता. मग ते माउलीचा चांदीचा मुकुट चिंचेने घासत बसले. घासून घासून चकचकीत झाला तरी घासतच होते. माझा जीव तुटला, पण त्या हट्टी माणसाला सांगणार कोण?

दुपार कलली. दोन्ही मिरवणुका झाडीत येऊन थांबल्या. आम्ही त्यांची वाट बघतोय, ते आमची. त्या दिवशी दोन्हीकडचा ताठा जरा जास्तच होता. बघता बघता भरती लागली. पाद्री दोन्हीकडे हात हलवून हलवून दमले आणि शेवटी झगा सावरत मागे सरले. पहिली लाट आली, दुसरी आली, आणि काकांची सकाळची रेघ आमच्या डोळ्यांदेखत गेली.

काका तिकडे बघत होते. एकाएकी त्यांनी खांदा सावरला आणि म्हणाले, "उचला रे. आय निघाली."

"काका, आधी त्यांना येऊ द्या की!" मागचा खांदेकरी ओरडला.

"पोर येत न्हाय तर आय काय बसून राहील? उचला!"

गुडघाभर पाण्यातून माउली पलीकडे गेली. धाकट्या वाडीचे लोक आ वासून बघत राहिले, मग लाजून धावत आले. भेट त्यांच्या माडांखाली झाली. दोन्ही चाली सुरू झाल्या आणि मी मागे वळून पाहतो तो काका पालखीखाली नाहीत. खांदा पाद्रींना देऊन ते गेले होते!

मी शोधत फिलूच्या दारात पोचलो. काका खाटेपाशी बसून, भेटीसाठी ठेवणीतून काढलेला पांढरा रुमाल भिजवून तिच्या कपाळावर ठेवत होते. तिने डोळे उघडले. "बाबा, तुमी आलाव?"

"मी कुठला येतोय!" काका म्हणाले. "आय आली व्हती हिकडं. तिच्या संगती आलो." आणि तोंड भिंतीकडे फिरवून ढसाढसा रडले.

फिलूचा ताप उतरला. चौथ्या दिवशी काका घरी आले आणि ओहोटी लागताच काठी घेऊन निघाले. मी कुंपणातून बघत होतो. रेघ पहिल्याइतकीच सरळ ओढली, मागे सरून डोळे बारीक करून पाहिली. मग काठी तिथेच वाळूत रोवली, बाळंतिणीसाठी केलेल्या अळिवाच्या लाडवांचं गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि रेघ पुसू नये म्हणून पाय उंच उचलून पलीकडे गेले.