विसर्जनाचा ठराव

उंद्रीच्या तुळशीराम गुरुजींच्या ओसरीवर त्या दिवशी राज्यस्तरीय प्रौढशिक्षक संघटनेची शेवटची सभा भरली, म्हणजे भरायची होती. आले एकटे वामनराव. गणपूर्तीअभावी अध्यक्ष या नात्यानं गुरुजींनी सभा अर्धा तास तहकूब केली आणि मग नियमाप्रमाणे दोघांवरच पुन्हा सुरू केली.

काय संघटना होती हो! दिवसभर राबून आलेल्या बाप्यांना कंदिलाच्या उजेडात बाराखडी गिरवायला लावणारे लोक जिल्ह्याजिल्ह्यांतून अधिवेशनाला यायचे. मांडव अपुरा पडायचा. पुढं योजना गुंडाळल्या, वर्ग बंद झाले, आणि मागोमाग माणसंही गेली. राहिली ती गुरुजींच्या भिंतीवरची पाटी. आपण डोळे मिटल्यावर संघटना रीतसर बंद करायलाही कुणी उरणार नाही, याचंच गुरुजींना फार वाईट वाटायचं.

वामनरावांनी उभं राहून विसर्जनाचा ठराव मांडला.

"अनुमोदन?" गुरुजींनी विचारलं.

ओसरीवर तिसरं माणूस नव्हतं. बोलणार कोण?

"तूच दे ना बे," वामनराव म्हणाले.

"अध्यक्षाले देता येत नाई. घटना आपनच लिहिली हाये."

"मंग वहिनीले करून टाक सभासद!"

चहा घेऊन आलेल्या सरस्वतीबाईंना गुरुजींनी उभ्या उभ्या सभासद करून घेतलं. आजवरच्या साऱ्या बैठकांचा चहा या माउलीनं केला. सभेत खुर्ची मात्र आज पहिल्यांदा मिळाली.

"आता फक्त 'अनुमोदन' म्हन," गुरुजींनी नवऱ्याच्या हक्कानं सांगितलं.

"नाई म्हनत."

"काऊन?"

"जलम गेला माहा दारात उभं राहून ऐकन्यात. आज कुठं बसवलं, तं बंद करून राह्यले? माहा विरोध लिहा!"

झालं! अनुमोदनाआधीच मतं पडली, एक बाजूनं, एक विरुद्ध. निर्णय अध्यक्षांवर आला. वामनरावांनी कपाळाला हात लावला.

"अवं, समजून घे," गुरुजी म्हणाले. "आमी दोघं पिकली पानं. पुढच्या सभेले असू का नसू."

"म्हनूनच म्हनते ना!" सरस्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "तुमच्या श्रद्धांजलीचा ठराव मांडाले कोनी पायजे का नाई?"

गुरुजींनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. मग त्यांनी हात वर केला, ठरावाच्या विरोधात.

वामनरावांनी थंड झालेला चहा उचलला. "अन् त्या ठरावाले अनुमोदन कोन देईन, वहिनी?"

"त्याले लागत नाई," गुरुजीच म्हणाले. "नुसतं उभं राहा लागते."