पॉइंट चार

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात गढूळपणा मोजणारा सेन्सर बसवण्यात आला आणि थोड्याच दिवसांत शहराला गढूळ पाणी येणं कागदोपत्री बंद झालं.

त्याआधी हे काम ग्लासकाका करत. सव्वीस वर्षांची नोकरी आणि हत्यार एकच, काचेचा ग्लास. टाकीतलं पाणी ग्लासात घ्यायचं, मागे कालचा पेपर धरायचा. अक्षरं वाचता आली तर मुख्य व्हॉल्व उघडायचा, नाही आली तर फिल्टर धुवायला घ्यायचा. ही पद्धत कुठल्याच परिपत्रकात नव्हती, त्यामुळे ती बंद होणं क्रमप्राप्त होतं.

पहिल्याच आठवड्यात सेन्सरने आठ हा आकडा दाखवला. परवानगी पाचपर्यंतची. भोंगा वाजला, वरून फोन आला. अभियंता मॅडमनी तंत्रज्ञाला बोलावलं.

"हा मोजतो तरी कुठपर्यंत?"

"शंभरपर्यंत, मॅडम."

"पाचच्या वरचं पाणी सोडायची आपल्याला परवानगीच नाही. मग ते मोजायचं कशाला? पाचपर्यंतच ठेवा."

आता आकडा पाचवर जाऊन बसायचा तो हलायचा नाही, आणि भोंगा पाचलाही वाजायचा. तेव्हा शून्य नव्याने ठरवायचं ठरलं. त्यासाठी अगदी स्वच्छ पाण्याची खास बाटली लागते. तिची मागणी खरेदी विभागात अकरा महिने पडून होती. म्हणून त्या दिवशी टाकीत जे पाणी होतं, तेच शून्य धरण्यात आलं. तरी आकडा जरा खाली-वर व्हायचाच. शेवटी सेन्सरची संवेदनशीलता कमी करून खात्याच्या पातळीवर आणण्यात आली. त्यानंतर तो सलग एकोणीस दिवस पॉइंट चार दाखवत राहिला. यंत्राचं वर्तन अत्यंत स्थिर व अनुकरणीय आहे, असं खात्याच्या तपासणी समितीने अहवालात नोंदवलं.

विसाव्या दिवशी काकांना फिल्टरची वाळू खचलेली दिसली. सवयीने भरलेल्या ग्लासातून त्यांना पेपरचा मथळासुद्धा दिसेना. घरी चार वर्षांची नात आदल्या दिवसापासून पोट धरून बसली होती. काका तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, पाणी मातकट आहे. माझी नात आजारी पडलीय. व्हॉल्व बंद करू द्या."

"काका, सेन्सर पॉइंट चार सांगतोय. तुमच्या ग्लासाचं प्रमाणपत्र आहे का?"

"ग्लासाला कसलं प्रमाणपत्र? डोळ्यांना दिसतंय की."

"बरं, डोळ्यांचं आहे?"

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. खाली उतरून त्यांनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व बंद केला. तासाभरात पाइप कोरडा ठणठणीत पडला. त्यात बसवलेला सेन्सर पॉइंट चारवरच होता.

चौकशी समिती आली. काकांनी पाइपात हात घातला आणि कोरडा हात समितीपुढे धरला. समितीने बराच वेळ हाताकडे पाहिलं, मग आकड्याकडे पाहिलं. पाणी नसतानाही शुद्धता कायम राखल्याबद्दल केंद्राचं अभिनंदन करण्यात आलं. प्रमाणित पाणी अडवल्याबद्दल काकांना निलंबित करण्यात आलं आणि व्हॉल्व पुन्हा उघडला गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर मॅडमचा फोटो होता आणि खाली शहराच्या पाण्याचं कौतुक. काकांनी घरच्या नळाचा ग्लास भरून त्या बातमीसमोर धरला.

"काय लिहिलंय हो?" बायकोने विचारलं.

"काही दिसत नाही."

"मग चष्मा बदला. पेपरात काय खोटं छापतील?"

काकांनी ग्लास मोरीत ओतला. नातीसाठी पाणी फडक्याने गाळलं आणि पातेलं गॅसवर चढवलं. त्यांना रडू येत होतं, पण ते वाफेवर खपून गेलं.

त्याच आठवड्यात खात्याने जाहीर सूचना काढली. ज्या नागरिकांना शंका असेल, त्यांनी घरच्या नळाचं पाणी ग्लासात घेऊन ही सूचना त्यातून वाचावी. वाचता न आल्यास त्वरित डोळे तपासून घ्यावेत.

चष्म्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. आपणही उभे होतो की त्या रांगेत, विसरलात?