इस्तारीचा सापळा

नदी तंबूपासून वीस पावलांवर होती. इंदुताईंनी पोचल्या पोचल्या मोजून पाहिलं होतं, आणि बाळाचा रांगण्याचा वेग पाहता वीस म्हणजे काहीच नव्हतं.

त्यांचे यजमान गुणवंतराव जंगल खात्यात मोजणीदार. छप्पन्न सालच्या दिवाळीनंतर आरमोरीपलीकडच्या डोंगरात, खोब्रागडीच्या काठी त्यांचा आठ दिवसांचा मुक्काम पडला. दोन तंबू, तीन दगडांची चूल, बाकी सगळं जंगल. चांद्याला एकटं राहून काळजी करण्यापेक्षा समोर बसून केलेली बरी, म्हणून इंदुताई हट्टानं बरोबर आल्या. पाणी त्या दोनदा उकळत. नदीचं मात्र काय करायचं, ते बी.ए.ला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भात वेळायची वेळ आणि बाळ पाण्याकडे निघालं. झाडाखाली इस्तारी ढिवराचा, काठावरच्या कोळ्याचा, नवाकोरा सापळा आडवा पडला होता. मासे धरायचा, बांबूच्या काड्यांचा, लहानशा कणगीएवढा. इंदुताईंना इंग्रजी पुस्तकातलं गजांच्या पिंजऱ्यात खेळणारं बाळ आठवलं. त्यांनी बाळाला अलगद तोंडातून आत सरकवलं. तोंडाच्या काड्या लवल्या, बाळ गेलं, काड्या पुन्हा मिटल्या. इंदुताईंनी समाधानानं भात वेळला.

बाहेर काढायला गेल्या तेव्हा काड्यांची टोकं बाळाकडे रोखलेली. आत जाणाऱ्याला वाट, बाहेर येणाऱ्याला भाले. बाळाला त्याचं काही नव्हतं. ते काड्या चोखत होतं. इंदुताईंच्या हाकेनं गुणवंतराव मोजणी टाकून धावत आले, त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि तो तिथेच अडकून राहिला.

इंदुताईंनी कोयता उचलला. "बाळाच्या बाजूनं मी कापायची नाही."

"मग माझीच बाजू उरली," गुणवंतराव म्हणाले.

सहा कांबी तुटल्या, तेव्हा दोघंही सुटले. इतक्यात इस्तारी आणि त्याची बायको गिरजा आली. इस्तारीनं तुटक्या कांबीवरून हात फिरवला. राग नव्हता त्याच्या तोंडावर, नुसतं कुतूहल.

"बाई, मांगची दोरी काऊन नाई सोडली? मासे आमी तिकूनच काढतो."

सापळ्याच्या मागच्या टोकाला एक साधी गाठ होती. ओढली की सुटणारी.

नदी उतरायला लागली होती. सापळा लावायचे हेच दिवस. पंधरा दिवस खपून तो विणला होता, हे गिरजेकडून कळल्यावर इंदुताईंना पुढे ऐकवेना. इस्तारी राहू द्या म्हणाला, तरी त्या त्याच्यासमोर बसल्याच. तो कांबी तासून देई, त्या विणत. चुकलेलं तो उसवी. बोटांतून रक्त आलं, पण पश्चात्तापाला तेवढं हवंच होतं. बाळ गिरजेकडे होतं.

दिवस कलता सापळा पुरा झाला. इस्तारी तो घेऊन पाण्यात उतरला आणि गिरजा बाळ घेऊन आली. बाळ कमरेपर्यंत ओलं.

"पाण्यात होतं?"

"दुपारभर. घोट्याएवढं तं पाणी. अन् चाललं ना बाई आज! चार पावलं, मले न धरता. तुमी इकडंच तोंड करून बसल्या होत्या, मले वाटलं पाहूनच राह्यल्या."

तंबूतून गुणवंतराव धावत आले. "चाललं? अगं, पहिल्यांदा! कसं चाललं?"

इंदुताई बोटात रुतलेली काडी काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हळू," त्या म्हणाल्या. "हळूच चाललं."