परीक्षक पीत नाहीत

पालघरच्या जिल्हा चवसंवर्धन समितीने ओकच्या पिंपात मुरवलेल्या कडक एलची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा या स्पर्धेत कोणाला तरी एल प्यावी लागेल, ही अडचण कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ती सभागृह ठरवून झाल्यावर लक्षात आली. समितीचे सचिव कमलेशराव यांनी तातडीची सभा बोलावली. जो माणूस पितो तो या विषयात हितसंबंधी ठरतो, सबब आयुष्यात थेंबही न घेतलेल्या व्यक्तींनाच परीक्षक नेमावे, असा ठराव झाला आणि तो चहापानापूर्वीच मंजूर झाला.

ठराव बोईसरला जितेशच्या कानावर गेला तेव्हा तो आपले पिंप पुसत होता. एल म्हणजे बिअरची थोरली बहीण. रंगाने काळसर, अंगाने दांडगी, आणि ओकच्या परदेशी लाकडात वर्षभर कोंडून ठेवली की स्वभावाने जरा निवळते. जितेशने रसायनाच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा घेतला, रीतसर परवाना काढला आणि हे पिंप आणले. त्या दिवसापासून मासवणला घरी त्याच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, त्याच्याशी बोलणे टाकले. बापलेक जेवायला शेजारी बसत आणि तात्या सुनेला सांगत, "मेघाली, त्याला विचार, भात पायजे का." जितेश एका पोराचा बाप होता, पण त्याला या गोष्टीचे लहान मुलासारखे वाईट वाटायचे. त्याला ढाल नको होती, प्रमाणपत्र नको होते. तात्यांच्या तोंडून एकदा 'चांगली झालीय' एवढे ऐकायचे होते, आणि त्यासाठी त्याने स्पर्धेत नाव दिले होते.

परीक्षकांची नावे जाहीर झाली, त्यात पहिले नाव तात्यांचे होते. ते मासवण पंचक्रोशीच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांच्याइतका कोरडा माणूस मनोरपासून वैतरणेपर्यंत सापडणार नाही, याबद्दल समितीत दुमत नव्हते. आपला कोणी नातेवाईक या व्यवसायात आहे का, असे त्यांना विचारण्यात आले.

"नाय," तात्या म्हणाले. "पोरगा हाय, पण तो लाकडाच्या पिंपांच्या कंपनीत हाय."

गावात ते गेले वर्षभर हेच सांगत आले होते, त्यामुळे आता वेगळे सांगणे बरे दिसले नसते.

दुसऱ्या परीक्षक वर्षाराणी मॅडम. लोणची, पापड, मुरांबे यांच्या स्पर्धा त्यांच्याशिवाय जिल्ह्यात होत नसत. तिसरे पुंजाराम साहेब, मूळचे परभणीकडचे, तारापूरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. अनोळखी द्रव कसा हाताळावा याचे त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतले होते.

गुण कशाला द्यायचे, हा प्रश्न आला. एलचे तयार निकष समितीकडे नव्हते, पण मागच्या वर्षीच्या लोणचे स्पर्धेचे होते आणि दोन्ही पदार्थ मुरवायचेच, म्हणून तेच कायम ठेवण्यात आले. मुरलेपणा, खार, तवंग, बरणीची स्वच्छता आणि घरगुतीपणा. तात्यांनी उद्घाटनाच्या भाषणात त्यात एकाची भर घातली.

"माणसाला परत प्यावीशी वाटली की त्याचा संसार बुडाला," ते म्हणाले. "म्हणून जी परत प्यावीशी वाटणार नाय, तीच खरी चांगली."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यामुळे कमलेशरावांनी या निकषाला निम्मे गुण ठेवले. मागच्या रांगेत इतर स्पर्धकांबरोबर जितेश बसला होता. आपण वर्षभर नेमके चुकीचे काम केले, असे त्याला त्या क्षणी वाटले.

पुढची अडचण गिळण्याची होती. परदेशात परीक्षक घोट तोंडात घोळवून थुंकतात, असे कोणीतरी सांगितले. परंतु सभागृह सरकारी होते आणि भिंतीवर 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती. गिळले तर परीक्षकाचे शील जाणार आणि थुंकले तर दंड होणार. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी असे ठरले की, पेल्याने घेतले तर ते पिणे होते, परंतु पळीने तळहातावर घेतले तर त्याला पिणे म्हणता येत नाही. समितीच्या शिपायाला पळी आणायला पिटाळण्यात आले.

नंबर टाकलेल्या बाटल्या मांडल्या गेल्या. पुंजाराम साहेबांनी चष्मा, मुखपट्टी आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवले, बाटली हातभर लांब धरली आणि पंजाने वारा घालून तिचा वास आपल्याकडे ढकलला. "डोळे चुरचुरत नाहीत," ते म्हणाले, "म्हणजे धोका नाही." वर्षाराणी मॅडमनी चमचा बुडवून पाहिला. "खार कमी आहे. आणि यात फोडी का नाहीत?" असे त्यांनी विचारले, तेव्हा एका स्पर्धकाने पुढच्या वर्षी घालतो म्हणून कबूल केले.

तात्यांनी तळहात पुढे केला. पहिल्या नंबरची पळी आली, ती तोंडात गेली आणि ओला हात जन्माच्या सवयीने डोक्यावरून फिरला. समोर बसलेल्यांपैकी चार-दोन म्हाताऱ्यांनी नकळत हात जोडले. एल आंबून गेलेली होती. पण तात्या मूळचे भिडस्त. कोणाच्या लग्नातल्या जेवणाला नावे न ठेवणारा माणूस तो. "बरी हाय," ते म्हणाले. 'बरी' म्हणजे प्यावीशी वाटते, असा अर्थ काढून कमलेशरावांनी तिचे गुण कापले. दुसरीही बरी निघाली आणि तिसरीही. दोघीही मागे पडल्या.

चौथी जितेशची होती.

तात्यांनी ती तोंडात घेतली आणि हात डोक्यावर न्यायचे विसरले. मग त्यांनी तळहात पुन्हा पुढे केला. नंतर आणखी एकदा. सभागृहातली कुजबुज थांबली. मंडळाचे कार्यकर्ते पुढच्या रांगेत होते आणि ते एकमेकांकडे बघू लागले होते.

"तात्या," कमलेशराव खाली वाकून म्हणाले, "ही तिसरी पळी."

तात्यांनी मान वर केली. मागच्या रांगेत त्यांना आपला मुलगा दिसला. तो खुर्चीच्या कडेवर आला होता आणि श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. चौथ्या नंबरची एल कोणाची, हे तात्यांना तिथेच कळले. आणि आपल्याला कळले, हे मंडळाला कळू नये, हेही लगेच सुचले.

"इतकी वाईट हाय," ते म्हणाले, "की एका पळीत खात्री पटत नाय."

"म्हणजे परत प्यावीशी वाटत नाही?"

"छ्या. तोंडात धरवत नाय. माणसानं जन्मात हात लावू नये अशी हाय."

निम्मे गुण तिथल्या तिथे जमा झाले. वर्षाराणी मॅडमनी बरणीच्या स्वच्छतेचे पूर्ण दिले, पुंजाराम साहेबांनी स्फोट न झाल्याचे दिले, आणि जितेशची एल जिल्ह्यात पहिली आली. मानपत्रात लिहिले होते, 'पुन्हा प्यावीशी न वाटणारी सर्वोत्कृष्ट एल.' तात्यांनी ढाल दिली ती दुसरीकडे बघत दिली. जितेशने ती घेतली आणि फोटोसाठी हसला, पण त्याचे डोळे भरले होते. ते आनंदाश्रू आहेत असे निवेदिकेने माईकवरून सांगितले.

निकालाचा परिणाम समितीच्या अपेक्षेपेक्षा मोठा झाला. जी एल कोणालाच आवडू शकत नाही असे खुद्द व्यसनमुक्ती मंडळाने ठरवले, ती घेणाऱ्यावर आवडीने पितो असा आळ कोण घेणार? पालघर, बोईसरची अब्रूदार मंडळी गाळ्यावर येऊ लागली. पिणारा त्यांत एकही नव्हता. एकाला निकालाची शहानिशा करायची होती, एकाला शेजाऱ्यासाठी न्यायची होती. शाळामास्तर होते, सोसायटीचे चेअरमन होते, आणि मंडळाचे कार्यकर्ते दोघे-दोघे मिळून पाहणीला यायचे. सगळे बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून मागत, पिशवी काळी मागत, आणि निघताना जितेशच्या कानाशी लागून म्हणत, "मानलं बुवा तुला." रस्त्यात मात्र तो समोरून आला की यांना नेमके चपलेचे बंद ठीक करायचे असत.

मग एका दुपारी, गाळ्यांची ओळ जेवून सुस्तावली असताना, तात्या आले. घरी त्यांनी मनोरला जातो म्हणून सांगितले होते आणि बरोबर उलट्या दिशेची रिक्षा पकडली होती. आत येऊन ते पिंपाशेजारच्या स्टुलावर बसले, सदऱ्याच्या खिशातून देवघरातली पळी काढली आणि तळहात पुढे केला. जितेशने वाढले. तात्यांनी डोळे मिटून घेतले, हात डोक्यावरून फिरवला, आणि पुन्हा पुढे केला. वर्षभराने बाप समोर बसला होता, मध्ये मेघाली नव्हती. जितेशने पुन्हा वाढले.

"तात्या," तो म्हणाला, "आता तरी सांगा. चांगली झालीय ना?"

तात्यांनी डोळे उघडले. त्यांनी पिंपाकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. ओठ हलले. मग त्यांची नजर रस्त्याकडे गेली.

"दार लाव आधी," ते म्हणाले.

जितेश दार लावायला गेला. बाहेर काळ्या पिशव्या घेऊन माणसे उभी होती. त्यांत तुम्हीही होता. तुम्ही ओळख दाखवली नाहीत, म्हणून त्यानेही दाखवली नाही.